फोनवर ऑर्डर, कार्डाने पैसे: हापूसच्या हंगामातली पद्धत

मार्चच्या शेवटापासून मे संपेपर्यंत घरून आंबा विकणाऱ्याचा फोन थांबत नाही. पेटी मागवतात पुण्याच्या काकू, आंबा जायचा असतो ठाण्याला त्यांच्या बहिणीकडे आणि पैसे भरणार असते न्यू जर्सीतली मुलगी. बहुतेक व्यवहार यूपीआयवर मिटतात. तरीही कार्ड काढणारं गिऱ्हाईक दर हंगामात असतंच: परदेशात राहणारे, महिन्याचा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर ठेवणारे, आणि कंपनीच्या नावाने एकदम वीस-पंचवीस पेट्या भेट पाठवणारे. शेवटच्या दोघांची रक्कम मोठी असते आणि त्यांना दहा मिनिटांत काम संपवायचं असतं. फोनवर बोलता बोलता त्यांच्याकडून कार्डाने पैसे कसे घ्यायचे, ते कुठे अडतं आणि का अडतं, हे आम्ही जसं करतो तसं लिहितो आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं करायचं की गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्या कानावर पडता कामा नये. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये छोटा दुकानदारसुद्धा फोनवर नंबर ऐकून मशीनमध्ये टाइप करतो आणि पैसे घेतो. आपल्याकडच्या कार्डांवर ते होत नाही. कार्ड समोर नसतानाच्या ऑनलाइन व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची केली. फेब्रुवारी २०११ पासून फोनच्या स्वयंचलित आवाजावर होणाऱ्या व्यवहारांना आणि २०१२ पासून फोनवर तोंडी दिलेल्या कार्डाच्या व्यवहारांनाही ती लागू झाली. म्हणजे नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक हे तिन्ही हातात असले तरी ओटीपी किंवा तसल्याच मंजुरीशिवाय पैसे कापले जात नाहीत. आणि ओटीपी विचारणं हे तर भामट्यांचं काम. आपण तो विचारायला लागलो की चांगल्या गिऱ्हाइकाला वाईट सवय लावतो.

शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायची मुभा फक्त कार्ड देणाऱ्या बँकेला आणि कार्डाच्या नेटवर्कला (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) आहे. दुकानदाराने ठेवायचे ते शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव, तेवढंच. वहीत लिहिलेला नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कार्डाचा फोटो, मोबाइलमध्ये आपोआप रेकॉर्ड झालेला कॉल, हे सगळं साठवणंच झालं. मागचे तीन अंक तर व्यवहार झाल्यावर कुणीच, कुठल्याही रूपात ठेवायचे नसतात.

म्हणून फोनवर कार्ड घ्यायचं म्हणजे प्रत्यक्षात असं: बोलणं फोनवर, रक्कम ठरणं फोनवर, आणि कार्ड भरणं गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने, आपण पाठवलेल्या पेमेंट लिंकवर. मोठ्या विमा कंपन्यांकडे फोनच्या बटणांवर नंबर दाबून घ्यायची सोय असते. त्यात दाबलेल्या बटणांचा आवाज पलीकडच्या माणसाला ऐकूच जात नाही. आपल्या आकाराच्या धंद्याला तिचा खर्च परवडत नाही आणि लिंक असताना तिची गरजही नाही.

लिंक पाठवण्यासाठी लागणारं खातं उघडायचं काम जानेवारीत करायचं. गुढीपाडव्याला कागद गोळा करायला बसलं तर अर्धा हंगाम जातो. आपल्या बँकेकडे पेमेंट लिंकची सोय आहे का ते आधी विचारावं. नसेल तर पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी कंपनी, शोधावा, पण ज्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे असाच. ही यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. कागद लागतात ते साधारण असे: पॅन, आधार, उद्यम नोंदणी किंवा शॉप अ‍ॅक्टची पावती, रद्द केलेला चेक, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र. स्वतःच्या बागेतलं फळ सोडून दुसऱ्याचा आंबा, पल्प, मुरांबा, साठं असं काही विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही मागतात.

अडतं ते कागदांच्या संख्येवर नाही, नावांवर. बागायतदाराच्या घरात सातबारा आजोबांच्या नावाने असतो, बँकेचं खातं वडिलांच्या, उद्यम मुलाच्या आणि फोन सुनेच्या. गेटवे, म्हणजे लिंकची सोय देणारी ती बँक किंवा कंपनी, खात्यात एक रुपया टाकून बघतो की खातेदाराचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं का. जुळलं नाही की अर्ज परत. पॅन, उद्यम आणि बँक खातं, ही तीन तरी एकाच माणसाच्या नावाने असू द्या. सातबारा सहसा कुणी मागत नाही.

अर्जात दर महिन्याची अंदाजे उलाढाल आणि एका ऑर्डरची मोठ्यात मोठी रक्कम विचारतात. तिथे घाईने काहीतरी आकडा टाकू नका. आपला धंदा दहा महिने शांत असतो आणि एप्रिल-मे मध्ये लाखांत जातो. ज्या खात्यावर फेब्रुवारीत शून्य होतं तिथे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक चार लाख आले की गेटवेची जोखीम बघणारी माणसं पैसे रोखून धरतात आणि बिलं मागतात. मजुरी, पेट्या, गाडीभाडं, सगळं रोख द्यायचे तेच दिवस असतात. म्हणून अर्जातच लिहावं की विक्री हंगामी आहे, मार्च ते मे असते, आणि कंपनीची एक ऑर्डर दीड-दोन लाखांची असू शकते. हे ईमेलवरही लिहून ठेवावं, म्हणजे पुढे दाखवायला होतं.

संकेतस्थळ असेल तर त्यावर चार गोष्टी दिसायला हव्यात: पत्ता आणि फोन, भाव, पोचवण्याचे नियम, पैसे परत करण्याचे नियम. संकेतस्थळ नसलेल्याला नुसत्या लिंकसाठी खातं देणारेही आहेत, पण मग धंद्याचं पान किंवा पावतीपुस्तक दाखवावं लागतं. आणखी एक बारीकशी जागा आहे, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: गिऱ्हाइकाच्या कार्डाच्या महिन्याच्या हिशेबात आपलं नाव काय उमटणार? खातं मालकाच्या नावाने असेल आणि गिऱ्हाईक आपल्याला बागेच्या नावाने ओळखत असेल, तर महिन्याने अनोळखी नाव बघून ते बँकेला फोन लावतं, "हा व्यवहार मी केलेला नाही." गेटवेच्या सेटिंगमध्ये हे नाव बदलता येतं. लोक ज्या नावाने फोन करतात तेच तिथे टाका.

आता प्रत्यक्ष फोन.

ऑर्डर घेताना पैशांचं बोलणं शेवटी ठेवावं. आधी फळाचा आकार, किती डझन, तयार हवा की कच्चा, पोचवायचा पत्ता पिनकोडसकट, घेणाऱ्याचा मोबाइल, कुठल्या आठवड्यात. मग भाडं धरून एकूण रक्कम मोठ्याने वाचून दाखवायची आणि समोरच्याकडून "हो" म्हणून घ्यायचं. लिंक गेल्यावर रक्कम बदलता येत नाही; ती रद्द करून नवी करावी लागते आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये दोन लिंका पडून राहतात. त्यातली जुनी भरली जाण्याचा धोका असतो, म्हणून नवी करण्याआधी जुनी डॅशबोर्डवर, म्हणजे गेटवेच्या आपल्या खात्याच्या पानावर, रद्द करायची.

मग दोन प्रश्न विचारायचे. पैसे कोण भरणार? आणि कार्ड भारतातल्या बँकेचं की बाहेरचं? लिंक पाठवायची ती ऑर्डर देणाऱ्याला नाही, पैसे भरणाऱ्याला. काकूंचं कार्ड आहे पण बँकेत नोंदवलेला मोबाइल मुलाचा आहे, असं फार घरांत असतं. लिंक काकूंकडे जाते, ओटीपी बंगळुरूला मुलाकडे, मग मुलगा आईला फोन करून ओटीपी वाचून दाखवतो. घरातल्या घरात असलं तरी ही सवय वाईट, आणि तोवर वेळ संपून व्यवहारही फसतो. त्यापेक्षा सरळ म्हणावं, "काकू, लिंक मुलालाच पाठवते, तो त्याच्या कार्डाने भरेल."

लिंक करताना पाच रकाने नीट भरायचे. रक्कम. तपशील, म्हणजे नुसतं "आंबा" नाही तर "हापूस, कच्चा, ५ डझन, १ पेटी, ठाणे, १८ एप्रिलचा आठवडा". आपला ऑर्डर नंबर, जो वहीतही तोच असेल. भरणाऱ्याचा मोबाइल आणि ईमेल. आणि लिंकची मुदत: देशातल्यासाठी २४ तास पुरतात, अमेरिकेसाठी ४८ ठेवाव्यात, कारण आपली दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र. मुदत ठेवलीच नाही तर पाडव्याला पाठवलेली लिंक मेअखेर कुणीतरी भरतं, तेव्हा भाव वेगळा असतो आणि माल संपलेला असतो. थोडे थोडे पैसे भरायची सोय डीफॉल्टने चालू असेल तर बंद करा; आगाऊ रक्कम घ्यायची असेल तर तिची वेगळी लिंक करा.

लिंक एसएमएसने आणि ईमेलने गेटवेकडूनच जाऊ द्यावी. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरूनही पाठवावी, कारण अनोळखी एसएमएस लोक उघडत नाहीत, आणि उघडू नयेतच. घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या सेवेतून लिंक टाकायच्या फंदात पडू नये. ऑक्टोबर २०२४ पासून अशा संदेशातली लिंक आधी नोंदवलेली नसेल तर संदेशच पुढे जात नाही. आणि लिंक आणखी छोटी करणाऱ्या दुसऱ्या सेवेचा वापर मुळीच नको, त्यात आपलं किंवा गेटवेचं नाव झाकलं जातं.

फोन ठेवण्याआधी हे एवढं बोलावं, आणि प्रत्येकाशी बोलावं:

"मी आता लिंक पाठवते आहे. ती उघडलीत की आमच्या बागेचं नाव आणि बरोबर ६,४५० रुपये दिसतील. दुसरं काही दिसलं तर भरू नका, मला फोन करा. कार्डाचा नंबर आणि ओटीपी त्या पानावरच टाका, मलासुद्धा सांगू नका. पैसे आले की मीच तुम्हाला पावती पाठवते."

बऱ्याच वेळा हे वाक्य पूर्ण व्हायच्या आतच पलीकडून आकडे सुरू होतात, "लिहून घ्या, चार पाच तीन..." तिथे संकोच न करता मध्येच थांबवायचं. "काका, थांबा, नंबर नका सांगू." ऐकलेले आकडे लिहायचे नाहीत. फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग चालू असेल तर ते त्याच वेळी काढून टाकायचं. खरं तर ऑर्डरच्या फोनवर रेकॉर्डिंग कायमचं बंदच असावं. कुणी कार्डाचा फोटो पाठवलाच तर त्यालाच तो सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगायचं, आणि आपल्या गॅलरीतून व फोटोंच्या ऑनलाइन साठ्यातूनही काढायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला तरी तिकडे तो उरतो. व्हॉट्सअ‍ॅपमधलं फोटो आपोआप उतरवून घेणं बंद केलं की हा त्रास मुळातच कमी होतो.

आता गिऱ्हाईक लाइनवर असताना पैसे भरायला लावायचं की फोन ठेवायला सांगायचं? आमचं मत स्पष्ट आहे: फोन ठेवायला सांगा. दोन सिमच्या मोबाइलवर एका सिमने बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचं इंटरनेट बहुधा थांबतं. बोलणं आपल्याशी एका सिमवर, इंटरनेट दुसऱ्यावर, आणि पान फिरत राहतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपली लिंक बिघडली. घरी वाय-फाय असेल तर प्रश्न नाही, पण ते विचारत बसण्यापेक्षा "फोन ठेवते, भरून झालं की दहा मिनिटांत मी करते" हे सोपं. वयस्कर माणूस एकटा असेल आणि सोबत हवी असेल तर त्यांच्या लँडलाइनवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर बोलत राहावं.

पैसे आले हे कळण्याची जागा एकच, आपला डॅशबोर्ड. तिथे लिंकपुढे "भरली" असं येईपर्यंत पेटी बांधायला घ्यायची नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा नाही. त्याच्याकडे आलेला "खात्यातून वजा" असा एसएमएस खरा असला तरी पैसे आपल्यापर्यंत पोचले असं त्यातून ठरत नाही.

व्यवहार फसतो तेव्हा गिऱ्हाईक फोनवर फक्त "होत नाहीये" एवढंच सांगतं. डॅशबोर्डवर फसलेल्या प्रयत्नापुढे कारण दिसतं, ते आधी वाचावं. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे त्या कार्डावर ऑनलाइन वापरच बंद असणं. २०२० पासून नवीन कार्ड फक्त एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू होऊन येतं. ऑनलाइन वापर मालकाने बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. त्याच जागी रोजची मर्यादाही असते, आणि ती ५,००० वर असेल तर ६,४५० ची लिंक फसणारच. ज्येष्ठांच्या डेबिट कार्डांवर या दोन्ही गोष्टी नेहमी सापडतात. फोनवर हे शांतपणे सांगावं, पण त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये आपण दूरून काही करून देऊ नये, आणि स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप तर कधीच उतरवायला सांगू नये.

दुसरं कारण ओटीपीचं. व्हॉट्सअ‍ॅपमधून उघडलेलं पान सोडून लोक एसएमएस बघायला जातात आणि परत येईपर्यंत पान नव्याने सुरू होतं. लिंक दाबून धरून कॉपी करायची आणि क्रोममध्ये उघडायची, की हे टळतं. रिझर्व्ह बँकेचे २५ सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यांत एसएमएसखेरीज दुसऱ्या पद्धतींनाही वाव आहे. म्हणून कुणी "ओटीपी आलाच नाही" म्हणालं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये मंजुरीची सूचना येऊन थांबली आहे का, हेही बघायला सांगा.

सगळ्यात नाजूक प्रसंग असा: त्यांच्या खात्यातून पैसे गेले, आपल्याकडे लिंक न भरलेली. गिऱ्हाईक घाबरलेलं असतं आणि आपल्याला माल पाठवायचा असतो. इथे "परत भरा" असं म्हणायची घाई करायची नाही. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला तर काही मिनिटांनी, कधी काही तासांनी तोच व्यवहार यशस्वी म्हणून उगवतो. तोवर दुसऱ्यांदा भरलेलं असेल तर दोन्ही रकमा येतात आणि एक परत करत बसावं लागतं. दोन तास वाट बघावी, मग गेटवेकडे व्यवहाराचा आयडी देऊन विचारावं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम गिऱ्हाइकाला सांगितला की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि आपल्यावरचा राग निवळतो.

परदेशातल्या कार्डांचा भाग वेगळा वाचावा. गेटवेच्या खात्यावर परदेशी कार्डं सुरुवातीला बहुधा बंद असतात. अर्ज करून चालू करून घ्यावी लागतात, त्यालाही दिवस जातात. दर देशातल्यापेक्षा जास्त असतो, साधारण ३ टक्के आणि वर जीएसटी. महत्त्वाचं हे की तिथल्या पुष्कळ बँका ओटीपी मागतच नाहीत. देशातल्या कार्डावर ओटीपीने झालेल्या व्यवहारात "मी केलाच नाही" अशी तक्रार आली तर तोटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ओटीपीशिवाय झालेल्या व्यवहारात तो आपल्याकडे येतो. पेटी खाऊन झालेली, पैसे परत गेलेले.

म्हणून बाहेरच्या कार्डासाठी आम्ही नियम घट्ट ठेवतो. पैसे भरणाऱ्याने स्वतः एकदा बोलायचं किंवा ईमेलवर लिहायचं की हे कार्ड माझं आहे आणि आंबा अमुक पत्त्यावर जाणार आहे. पोचवायच्या पत्त्यावरच्या माणसाशी आपण वेगळं बोलायचं. पहिल्यांदाच ऑर्डर देणाऱ्याकडून एक-दोन पेट्यांपुढे कार्डावर घ्यायचं नाही. जुनं घर असेल, दर वर्षी त्याच पत्त्यावर माल जात असेल, तिथे एवढं ताणायची गरज नाही. आखातातल्या पुष्कळांकडे भारतातल्याच बँकेचं कार्ड असतं. त्यांचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. ते सिम रोमिंगवर चालू आहे का एवढंच विचारावं.

पैशांचा हिशेब असा. क्रेडिट कार्डाला २ टक्के दर धरला तर ६,००० रुपयांवर १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१.६०, हातात येतात ५,८५८.४०. डेबिट कार्डाला मात्र मर्यादा आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. त्याच ६,००० वर २४ रुपये. रुपे डेबिट आणि साध्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला असा आकार नाही. असं असताना सगळ्या प्रकारांना सरसकट एकच टक्का लावणारी दरपत्रकं असतात. सही करण्याआधी डेबिटचा दर वेगळा लिहून मागा, आणि प्लॅटफॉर्मचा म्हणून वेगळा आकार लावला आहे का तेही विचारा. हा खर्च डेबिट कार्डाच्या गिऱ्हाइकावर टाकता येत नाही, तो पेटीच्या भावातच धरावा. नुसतं ताजं फळ विकणाऱ्याला फळावर जीएसटी नाही, त्यामुळे गेटवेच्या बिलावरचा जीएसटी वळतही होत नाही. तो खर्चच समजायचा.

रक्कम आपल्या खात्यात कामाच्या साधारण दोन दिवसांनी येते, आणि अनेक ऑर्डरी मिळून एक आकडा येतो, तोही आकार कापून. वहीत विक्री पूर्ण रकमेची आणि आकार वेगळा खर्च म्हणून लिहायचा. जमा झालेला आकडाच विक्री म्हणून लिहिला तर मार्चअखेरीस गेटवेचा अहवाल आणि आपली वही जुळत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी भरलेले पैसे मंगळवारपर्यंत धरू नयेत. रविवारी सुटणाऱ्या गाडीचं भाडं त्यावर अवलंबून ठेवू नये.

फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. आपल्याला येणारा नेहमीचा फोन असा: "मी लष्करातून बोलतोय, युनिटसाठी चाळीस पेट्या हव्यात, पैसे आमच्या पद्धतीने पाठवतो." मग एक क्यूआर येतो, तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतात, किंवा आपल्याच कार्डाचा फोटो मागतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि आपलं कार्डही लागत नाही. खरं गिऱ्हाईक आपली लिंक भरतं. दुसरा प्रकार जास्त पोचलेला: कुणी परदेशी कार्डावर ५०,००० भरतो, लगेच फोन करतो की चुकून जास्त गेले, तीस हजार या यूपीआयवर परत पाठवा. कार्ड चोरीचं असतं. खरा मालक तक्रार करतो तेव्हा पूर्ण ५०,००० आपल्याकडून जातात आणि यूपीआयने दिलेले तीस हजार वेगळे. परत करायचे ते डॅशबोर्डवरून, त्याच व्यवहारावर, त्याच कार्डात. गयावया केली, भांडण केलं, तरी यात सूट नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

साधा रिफंड द्यायला पाच-सात कामाचे दिवस लागतात हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. आपला कापलेला आकार बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. म्हणून एक-दोन फळं खराब निघाली तर पैशांऐवजी पुढच्या पेटीत फळ वाढवून देणं दोघांनाही बरं पडतं, पण ते गिऱ्हाइकाने मान्य केलं तरच. हापूसमध्ये साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. त्यासाठी "पेटी पोचल्यावर इतक्या दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, नगाला नग बदलून देऊ" असा नियम लिंकच्या पानावर आणि पावतीवर लिहून ठेवावा. कच्च्या आंब्याच्या पेटीसोबत, तो पेंढ्यात ठेवून पिकायला किती दिवस लागतील ते लिहिलेली चिठ्ठी घालावीच. हिरवं फळ बघून "सांगितलं तसं नाही" अशी तक्रार थेट बँकेकडे गेलेली असते, आणि लिंकच्या तपशिलात "कच्चा" हा शब्द असेल तर तिथेच आपली बाजू उभी राहते.

अशी तक्रार गेटवेकडून आपल्याकडे आली की उत्तराला थोडेच दिवस मिळतात, आणि उत्तर दिलं नाही तर निकाल आपोआप विरुद्ध जातो. मे महिन्यात ईमेल बघायला वेळ नसतो, म्हणून गेटवेच्या ईमेलला फोनवर वेगळा आवाज लावून ठेवावा. उत्तरात जोडायचं ते असं: लिंकचा तपशील, ट्रान्सपोर्टची बिल्टी किंवा कुरियरची पावती, पेटी हातात घेतल्याचा फोटो किंवा सही, आणि पोचल्यानंतरचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश. "आंबा मस्त होता" असा एक संदेश पुरेसा ठरतो. पेटी पोचल्यावर चौकशीचा फोन करण्याऐवजी संदेश करावा, तो याचसाठी.

मोहोर बघून फेब्रुवारीत पूर्ण पैसे घेण्याचा मोह टाळावा. अवकाळी पाऊस झाला, फळ गळलं, की सगळे रिफंड एकदम द्यावे लागतात आणि तेव्हा खात्यात पैसे नसतात. आगाऊ म्हणून पाव हिस्सा घ्यावा, उरलेल्याची लिंक पेटी भरायच्या दोन दिवस आधी करावी. माल पोचला नाही अशी तक्रार करायला कार्डधारकाला मोठ्या नेटवर्कांच्या नियमांत साधारण १२० दिवस मिळतात, आणि ते पैसे भरल्यापासून नाही, माल पोचायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. मेच्या शेवटच्या पेटीची मुदत त्यामुळे सप्टेंबरअखेर संपते. तोपर्यंत बिल्ट्या, फोटो आणि संदेश जपून ठेवायचे, गेटवेच्या खात्यात रिफंडपुरती रक्कम शिल्लक ठेवायची. न भरलेल्या लिंका मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच रद्द करून टाकायच्या.